व्यक्ती, वल्ली आणि प्रतिमा : विनोदी दूरचित्रवाणी-पात्रांची चाहत्यांनी काढलेली चित्रे

१

'व्यक्तिचित्र' ही संज्ञा मराठीत दोन क्षेत्रांत रूढ आहे. चित्रकलेत ती एखाद्या माणसाच्या सादृश्यदर्शी चित्रासाठी वापरली जाते, तर साहित्यविचारात ती ललित गद्याच्या एका प्रकाराचे नाव आहे. पु. ल. देशपांडे यांच्या 'व्यक्ती आणि वल्ली' या पुस्तकाला १९६५ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्या पुस्तकाने दुसरा अर्थ सर्वसामान्य वाचकापर्यंत पोहोचविला आणि शीर्षकातच एक भेदही नोंदवून ठेवला. व्यक्तीला नाव असते, चेहरा असतो, वय आणि व्यवसाय असतो. वल्ली मात्र त्या माणसाच्या वागण्याबोलण्याच्या लयीत असते. व्यक्ती ओळखता येते. वल्लीचा प्रत्यय यावा लागतो आणि तो प्रत्यय कालावकाशातच येतो. विनोदी पात्र हे स्वभावतः वल्ली असते. म्हणून त्याचे रंगरेषांतील व्यक्तिचित्र काढू पाहणाऱ्याला एका मूलभूत अडचणीला तोंड द्यावे लागते.

ही अडचण केवळ तात्त्विक नाही. गेल्या दोन दशकांत ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या परिसरात, दूरचित्रवाणीवरील लोकप्रिय विनोदी पात्रांची चाहत्यांनी काढलेली चित्रे हा लोकव्यवहाराचा परिचित भाग झाला आहे. शिसपेन्सिलीने छायाप्रकाश साधून काढलेला आणि चौकटीत बसवून खुद्द नटाला भेट दिलेला चेहरा, दिवाळीच्या सुमारास शाळांच्या सभागृहांत भरणाऱ्या प्रदर्शनांतील रांगोळीचित्र, संगणकावर वा भ्रमणध्वनीवर काढलेले अंकीय अर्कचित्र हे त्याचे तीन मुख्य प्रकार होत. या चित्रांकडे समीक्षेने आजवर लक्ष दिलेले नाही. 'हौशी' या एका विशेषणाने ती कलाविचाराच्या बाहेर ठेवली जातात आणि 'लोकप्रिय' या दुसऱ्या विशेषणाने त्यांचा विषय साहित्यविचाराच्या बाहेर ठेवला जातो. परंतु एखादा समाज कोणाच्या हास्याला प्रतिष्ठा देतो आणि ती देताना त्या हास्याचे काय करतो, हा प्रश्न या चित्रांतून जितक्या उघडपणे पुढे येतो तितका तो अन्यत्र क्वचितच येत असेल. प्रस्तुत विवेचन त्या प्रश्नापुरते मर्यादित आहे.

२

प्रथम 'चाहता' या शब्दाचा विचार करावयास हवा. मराठी नाट्यव्यवहारात प्रेक्षकाला आदराने 'रसिक' म्हटले जाते. रसिक आस्वाद घेतो. त्याने स्वतः काही निर्माण करावे अशी अपेक्षा नसते. भक्त मूर्ती घडवितो, पूजतो आणि विसर्जित करतो. चाहता या दोहोंच्या मध्ये उभा आहे. हेन्री जेन्किन्स यांनी १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या 'टेक्स्चुअल पोचर्स' या ग्रंथात मिशेल द सर्तो यांच्या मांडणीचा आधार घेऊन असे दाखविले की, दूरचित्रवाणीचा चाहता हा केवळ ग्राहक नसतो. मालकीच्या संहितेत शिरून तो आपल्याला हवे ते उचलतो आणि त्यातून स्वतःची निर्मिती करतो. ही उपपत्ती मराठी परिसराला जशीच्या तशी लावता येत नाही. जेन्किन्स यांचा चाहता संहितेला वळविण्याचा प्रयत्न करतो, तिच्यातील रिकाम्या जागा भरतो, प्रसंगी तिच्याशी भांडतो. येथील चाहता बहुधा संहितेला नमस्कार करतो. त्याचे चित्र म्हणजे ऋणनिर्देश असतो. 'आपण आम्हांला हसविले, त्याची ही पोचपावती' हा त्याचा अनुच्चारित मथळा असतो. मात्र नमस्कार करतानाही माणूस निवड करतोच. कोणता क्षण घ्यावा, कोणता वेष घ्यावा, काय गाळावे, हे ठरविल्यावाचून चित्र निघत नाही. त्या निवडीतच चाहत्याची समीक्षा दडलेली असते.

या निवडीला एक पूर्वपीठिका आहे. राजा रविवर्मा यांचा शिळाप्रेस १८९४ साली मुंबईत सुरू झाला. त्यानंतर देवादिकांचे आणि पुढे राष्ट्रपुरुषांचे मुद्रित चेहरे मराठी घरांच्या भिंतीवर आले. भिंतीवर कोण बसावे याचा एक अलिखित क्रम त्यातून सिद्ध झाला : देव, संत, शिवाजीमहाराज, पुढारी, मग गायक आणि खेळाडू. हसविणारा माणूस या क्रमात नव्हता. त्याची जागा दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर आणि हास्यचित्रांच्या चौकटीत होती, म्हणजे वर्षभरात रद्दीत जाणाऱ्या कागदावर होती. तेथे त्याचे चित्रण अर्कचित्राच्या रीतीने होत असे. 'ललित' मासिकात जयवंत दळवी यांनी 'ठणठणपाळ' या टोपणनावाने लिहिलेल्या सदरासाठी वसंत सरवटे यांनी घण घेतलेली जी आकृती रेखाटली, ती या परंपरेचे उत्तम उदाहरण होय. ठणठणपाळाला कोणी नट नव्हता आणि त्याचे छायाचित्रही नव्हते. सरवटे यांच्या रेषेनेच त्याला देह दिला. त्यामुळे त्या चित्राला कोणाशी सादृश्य साधावयाचे नव्हते. लेखनाच्या सुराशी मात्र इमान राखावयाचे होते. 'अर्कचित्र' या मराठी शब्दात 'अर्क' आहे हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. अर्क काढताना मूळ वस्तूचा आकार मोडावा लागतो.

चाहत्यांच्या आजच्या चित्रांपैकी पहिले दोन प्रकार, शिसचित्र आणि रांगोळी, या अर्कचित्राच्या परंपरेकडे पाठ फिरवून रविवर्म्याच्या परंपरेशी नाते सांगतात. त्यांचे परिमाण सादृश्य हे आहे. छायाचित्रावर चौकटी आखावयाच्या, त्याच चौकटी मोठ्या प्रमाणात कागदावर वा जमिनीवर आखून घ्यावयाच्या आणि एकेक चौकट भरीत जावयाचे, ही त्यांची पद्धती आहे. 'हुबेहूब' हा त्यांच्या प्रेक्षकाचा सर्वोच्च अभिप्राय असतो. विनोदी पात्र या चौकटींतून पार होताना त्याचे काय होते, हे आता पाहावयाचे आहे.

३

भरताच्या नाट्यशास्त्रात हास्य रसाचे आत्मस्थ आणि परस्थ असे दोन भेद सांगितले आहेत. पात्र स्वतः हसते तेव्हा हास्य आत्मस्थ, ते दुसऱ्याला हसविते तेव्हा परस्थ. या जुन्या भेदाचा उपयोग प्रस्तुत विषयात अनपेक्षितपणे होतो. चाहत्यांच्या सादृश्यदर्शी चित्रांमध्ये एक गोष्ट वारंवार आढळते : चेहरा हसरा असतो. याचे व्यावहारिक कारण उघड आहे. चित्रासाठी जे छायाचित्र सहज हाती लागते ते प्रसिद्धीसाठी काढलेले असते आणि प्रसिद्धीच्या छायाचित्रात नट हसतो. परंतु मराठी दूरचित्रवाणीवरील संस्मरणीय विनोदी पात्रे क्वचितच हसतात. मुंबई दूरदर्शनवर १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात दिलीप प्रभावळकर यांनी साकारलेला चिमणराव हा चिंताक्रान्त गृहस्थ आहे. त्याच्यावर जे ओढवते ते त्याला मुळीच हास्यास्पद वाटत नाही. २०१४ साली सुरू झालेल्या 'चला हवा येऊ द्या' या कार्यक्रमात भाऊ कदम यांनी जी पात्रे उभी केली, त्यांचे बळ निरागस, काहीशा गोंधळलेल्या चेहऱ्यात आणि संवादाच्या आधी घेतलेल्या किंचित विरामात होते. पात्र गंभीर राहते म्हणून प्रेक्षक हसतो. हे परस्थ हास्य होय. चित्रातला हसरा चेहरा आत्मस्थ हास्याचा आहे, म्हणजेच तो पात्राचा नसून नटाचा आहे. चित्राखाली नाव पात्राचे असले तरी चित्रात जो उमटतो तो प्रयोग संपवून रंगभूषा उतरविलेला कलावंत असतो.

लेसिंगने 'लाओकून' (१७६६) या ग्रंथात चित्रकाराच्या क्षणनिवडीची जी चर्चा केली आहे ती येथे आठवते. चित्राला एकच क्षण मिळतो आणि तो क्षण पुनःपुन्हा पाहिला जाणार असतो. म्हणून जे स्वभावतः क्षणिक आहे त्याला चित्रात कायम केले की ते विपरीत भासू लागते. ला मेत्री या तत्त्वज्ञाने हसऱ्या डेमोक्रिटसच्या रूपात आपले चित्र काढवून घेतले होते. लेसिंग म्हणतो त्याचा आशय असा की, ते चित्र पहिल्या काही वेळाच हसते. अधिक वेळा पाहिले की तत्त्वज्ञाचा विदूषक होतो आणि हास्याची जागा दात विचकण्याला मिळते. चाहत्यांच्या चित्रांना हा दोष पूर्णपणे लागू पडत नाही, कारण त्यांतील हास्य पुरते उमललेले नसते. भरताच्या परिभाषेत सांगावयाचे तर ते 'स्मित' आणि 'हसित' यांच्या सीमेवर थांबते. उत्तम प्रकृतीच्या माणसांसाठी भरताने जे हास्य राखून ठेवले आहे तेच हे. ज्या नटाने पडद्यावर 'अपहसित' आणि 'अतिहसित' यांचा धुमाकूळ घातला, त्याला चित्रात उत्तम प्रकृतीचे स्मित बहाल केले जाते. त्याला बढती मिळते. मात्र ज्या कामासाठी ती मिळाली ते काम चित्रात दिसत नाही.

याला एक बोधप्रद अपवाद आहे. 'चला हवा येऊ द्या'मध्ये सागर कारंडे यांनी साकारलेला पोस्टमन अरविंद जगताप यांनी लिहिलेली पत्रे वाचून दाखवीत असे. खाकी गणवेष, हातात कागद, स्थिर उभे राहणे, खाली वळलेली दृष्टी अशी ती मुद्रा आहे. हे पात्र सादृश्यदर्शी चित्रात यत्किंचितही न हरवता उतरू शकते. पण हा पोस्टमन हसवीत नसे. त्याची पत्रे ऐकून प्रेक्षकांचे डोळे पाणावत. विनोदी कार्यक्रमातील जे पात्र व्यक्तिचित्राला सर्वाधिक अनुकूल ठरते ते विनोदी नसावे, यावरून माध्यमाची मर्यादा पुरेशी स्पष्ट होते.

४

दुसरी अडचण एकटेपणाची आहे. बर्गसाँने 'हास्य' (१९००) या आपल्या निबंधात हास्याला प्रतिध्वनी लागतो, ते नेहमी कोणत्या तरी समूहाचे हास्य असते, असे प्रतिपादन केले. विनोदी पात्राच्या बाबतीत हा समूह दोन ठिकाणी असतो : पडद्यावर आणि पडद्यासमोर.

चिमणरावाचे उदाहरण पुन्हा घ्यावे. चि. वि. जोशी (१८९२–१९६३) यांच्या कथांत तो स्वतःच निवेदक आहे आणि त्याच्या शेजारी गुंड्याभाऊ आहे. एक किडकिडीत व भित्रा, दुसरा धिप्पाड व धाडसी. 'लग्न पहावे करून' (१९४०) या मास्टर विनायक यांच्या चित्रपटात दामूअण्णा मालवणकर आणि विष्णुपंत जोग यांनी ही जोडी साकारली. दूरदर्शनवर प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी. नट बदलले, माध्यम बदलले, तरी जोडी टिकली, कारण विनोदाचे घटक दोन चेहऱ्यांत नसून त्या दोन चेहऱ्यांतील अंतरात होते. चिमणराव एकटा काढला की तो एक काळजीत पडलेला गृहस्थ होतो. गुंड्याभाऊ एकटा काढला की तो एक पहिलवानी थाटाचा मनुष्य होतो. जोडी काढली की रेषा अगदी साधी असली तरी विनोद सुरू होतो. सादृश्यदर्शी शिसचित्राची रूढी मात्र एका चेहऱ्याची आहे. छातीपर्यंतचा आकार, पांढरी पार्श्वभूमी आणि खाली उजव्या कोपऱ्यात चित्रकाराची सही अशी ती असते. ही रूढी थोर पुरुषांच्या चित्रांतून आलेली आहे. थोरपण एकट्याचे असू शकते. विनोद एकट्याचा असू शकत नाही.

या जोडीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट नोंदण्याजोगी आहे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचे आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचे. अशा ग्रंथालयांभोवती वाढलेल्या वाचकवर्गाने चिमणराव आधी वाचला आणि मग पाहिला. त्याच्या मनात चिमणरावाचा एक चेहरा आधीच होता. प्रभावळकरांनी त्या चेहऱ्याची जागा घेतली. ते प्रक्षेपण कृष्णधवल होते. त्या पिढीच्या स्मृतीतला चिमणराव करड्या छटांचाच आहे आणि शिसचित्राच्या करड्या छटा त्या स्मृतीशी जुळतात. पुढच्या पिढीच्या बाबतीत हा क्रम उलटला. २०१८ पासूनच्या 'महाराष्ट्राची हास्यजत्रा'तील पात्रांना ग्रंथबद्ध पूर्वायुष्य नाही. नट आणि पात्र एकाच वेळी जन्मास आले. वाचलेल्या पात्राचे चित्र काढणारा निदान दोन चेहऱ्यांत निवड करतो. पाहिलेल्या पात्राचे चित्र काढणाऱ्यापुढे तशी निवडच नसते.

उलट दिशेचेही एक उदाहरण आहे. आर. के. लक्ष्मण यांच्या रेषेतून आलेला मध्यमवर्गीय माणूस 'वागळे की दुनिया' (१९८८) या मालिकेत अंजन श्रीवास्तव यांच्या रूपाने पडद्यावर आला. लक्ष्मण यांच्या प्रसिद्ध 'कॉमन मॅन'शी त्यांचे सादृश्य नव्हते आणि त्याची उणीवही भासली नाही. चित्राकडून नटाकडे जाताना सादृश्य सोडले तरी चालते. मग नटाकडून चित्राकडे येताना तेच अनिवार्य का मानावे, हा प्रश्न विचारण्यास येथे जागा आहे.

दिलीप प्रभावळकर यांच्यासारख्या बहुरूपी नटाच्या बाबतीत चाहत्यांनी या अडचणीवर एक तोड शोधलेली दिसते. 'हसवा फसवी' या नाटकात त्यांनी सहा भूमिका केल्या. चिमणराव, तात्या विंचू, 'श्रीयुत गंगाधर टिपरे'मधील आबा या आणखी वेगळ्या. अशा नटाचे चित्र काढताना मध्यभागी त्याचा स्वतःचा चेहरा आणि भोवती भूमिकांचे लहान चेहरे अशी रचना केली जाते. ती मुख्य देवतेभोवती परिवारदेवता मांडण्याच्या परिचित रीतीची आहे. तिच्यामुळे विनोद परत येत नाही, पण विनोदाचा पुरावा तरी येतो. एकच चेहरा इतके चेहरे होऊ शकतो हे पाहणाऱ्याला उमगते आणि दोन चेहऱ्यांतील अंतर, जे जोडीत असते, ते येथे एकाच माणसाच्या आत दिसू लागते.

५

येथवरच्या विवेचनातून असा निष्कर्ष सहज निघेल की, सादृश्यदर्शी चित्रे विनोद गमावतात, अर्कचित्रे तो राखतात. म्हणून चाहत्यांनी अर्कचित्राकडे वळावे. हा निष्कर्ष अर्धाच खरा आहे. ही चित्रे विनोद का गमावतात याचे अज्ञान हे एकच कारण गृहीत धरले तरच तो पूर्ण ठरेल. पण आणखी एक कारण संभवते, आणि ते अधिक गंभीर आहे.

मराठी दूरचित्रवाणीवरील प्रहसनांचा मोठा भाग शरीरावर बेतलेला आहे. लठ्ठपणा, काळा वर्ण, बुटकेपणा, दातांची ठेवण, पुरुषाने नेसलेले लुगडे ही त्यांची ठरलेली सामग्री होय. भरतानेही विकृत आकार आणि विकृत वेष हे हास्याचे विभाव म्हणून नोंदविले आहेत, तेव्हा ही सामग्री आजची नाही. परंतु भरताचा विदूषक नाट्यधर्मी संकेतांच्या संरक्षणात होता. दूरचित्रवाणीवरील नटाचे शरीर त्याचे स्वतःचे, नावागावासह ओळखले जाणारे असते. अर्कचित्र नेमके हेच शरीर पकडते आणि ताणते. ज्या वैशिष्ट्यावर पडद्यावर आधीच विनोद झाला आहे तेच रेषेने आणखी वाढविले, तर ते चित्र अर्क काढते की टवाळीची पुनरुक्ती करते, हे ठरविणे कठीण होते. अशा वेळी पेन्सिल घेऊन कित्येक तास एका चेहऱ्यासमोर बसणारा, त्याच्या गालावरचा उजेड आणि डोळ्यांखालची सावली निरखणारा चाहता वेगळेच काही करीत असतो. विनोदाने ज्या चेहऱ्याला लक्ष्य केले त्याच्याकडे तो विनोदाविना पाहतो. त्याच्या चित्रातील गांभीर्य ही मग समजेची उणीव उरत नाही. तो नकार ठरतो.

स्त्री-विनोदकारांच्या चित्रांत हा पेच अधिकच तीव्र होतो. नम्रता संभेराव यांची 'लॉली' हे 'हास्यजत्रे'तील अतिशय लोकप्रिय पात्र बोलण्याचालण्याच्या अतिशयोक्त ढबीवर उभे आहे. सौंदर्याच्या प्रचलित कल्पनेला ते पात्र जाणूनबुजून धक्का देते. सादृश्यदर्शी चित्र त्या अभिनेत्रीला बहुधा सुंदर करून टाकते : केस नीट, ओठांवर स्मित, दृष्टी कोमल. पुरुष विनोदकाराच्या चित्रात त्याच्या चेहऱ्याचा वाकडेपणा थोडाफार राहू दिला जातो. स्त्रीच्या चित्रात तो पुसला जातो. येथे नकार कोणत्या गोष्टीला आहे? तो शरीरनिंदेला असेल तर आदरणीय आहे. परंतु स्त्रीने स्वेच्छेने विद्रूप, आरडाओरडा करणारी, हास्यास्पद होण्याचे जे स्वातंत्र्य रंगमंचावर मिळविले, त्यालाच तो नकार असेल, तर आदराच्या नावाखाली तिचे श्रेय हिरावले जात आहे. एकाच चित्रात दोन्ही नकार नांदू शकतात आणि चित्रकाराला त्यांची जाणीव असेलच असे नाही. ती जाणीव करून देणे हे समीक्षेचे काम होय.

त्यासाठी एक साधी कसोटी सुचविता येईल. चित्रात पात्राची एखादी अशी खूण आहे काय, जी नटाच्या शरीराची नसून नटाने निवडलेली आहे? वेष, हातातील वस्तू, मानेचा कल, डोळ्यांची दिशा, बोटांची अवस्था या निवडलेल्या खुणा होत. वर्ण, स्थूलता, उंची या निवडलेल्या नव्हेत. निवडलेली खूण राखणारे आणि न निवडलेलीवर जोर न देणारे चित्र वल्लीला न गमावता व्यक्तीचा मान राखते. चिमणराव या कसोटीला सहज उतरतो, कारण त्याच्या कथांत हसणारा आणि ज्याला हसावयाचे तो एकच आहे. स्वतःकडे पाहून लिहिलेला विनोद अर्कचित्रात काढला तरी त्यात कोणाचा अवमान होत नाही. लहान मुलांनी काढलेली पात्रांची चित्रेही अनेकदा या कसोटीला उतरतात. मुलाला सादृश्य साधत नाही. म्हणून ते टोपी, काठी, पिशवी, कपाळावर आलेली बट अशा खुणांवर भिस्त ठेवते. त्याचे चित्र नटासारखे नसते, पण पात्रासारखे असते. सरवटे यांनी जाणतेपणी जे केले ते मूल असहायतेतून करते. दोघांच्या चित्रांत वल्ली आढळते, हा योगायोग नव्हे.

६

शेवटी स्थळाचा प्रश्न. या परिसरातील विनोदी पात्रांना गावाची नावे चिकटलेली असतात. शिवाली परब 'कल्याणची चुलबुली' आणि गौरव मोरे 'फिल्टरपाड्याचा बच्चन' म्हणून ओळखले जातात. भाऊ कदम डोंबिवलीचे म्हणून डोंबिवलीकर त्यांच्याविषयी आपुलकीने बोलतात. मुंबईच्या कडेला राहणाऱ्या आणि कामाधामासाठी रोज लोकलने मुंबई गाठणाऱ्या माणसाला पडद्यावर आपल्या गावाचे नाव ऐकू येणे ही क्षुल्लक गोष्ट नाही. या उपनगरांचा मराठी साहित्यातील उल्लेख बराचसा गर्दीच्या, गैरसोयीच्या संदर्भात होत आलेला आहे. विनोदाने त्यांना बिरुद मिळवून दिले. परंतु शिसचित्राच्या पांढऱ्या पार्श्वभूमीवर हे स्थळ उरत नाही. कल्याणची चुलबुली आणि कोठलीही अन्य हसरी तरुणी यांत चित्रापुरता भेद राहत नाही.

रांगोळीची गोष्ट येथे निराळी होते. तिचे तंत्र शिसचित्राइतकेच सादृश्यदर्शी आहे. गुणवंत मांजरेकर यांच्यासारख्या रांगोळीकारांनी या माध्यमात व्यक्तिचित्रणाला प्रतिष्ठा मिळवून दिली आणि आज शहरोशहरी तीच वाट चोखाळली जाते. चिमटीतून सुटणाऱ्या रंगीत भुकटीने गालाची गोलाई आणि केसांची बट साधली जाते. काम चालू असताना पंखे बंद ठेवावे लागतात, कारण एका झुळकीने चेहरा विस्कटतो. हे सर्व कौशल्य 'हुबेहूब' या अभिप्रायासाठीच असते आणि चेहऱ्यावरचे हास्यही पुन्हा प्रसिद्धीच्या छायाचित्रातलेच असते. तरीही दोन गोष्टी बदलतात. पहिली ही की, रांगोळी जमिनीवर असते. भिंतीवरच्या चित्राकडे मान वर करून पाहावे लागते. रांगोळीकडे वाकून, कडेने फिरत पाहावे लागते. थोरपणाचा जो कोन रविवर्म्याच्या परंपरेने दिला तो येथे मोडतो. दुसरी ही की, ती काही दिवसांत पुसली जाते. तिची स्मृती पाहणाऱ्यांच्या बोलण्यात उरते, जशी प्रहसनाची उरते.

डोंबिवलीत श्री गणेश मंदिर संस्थानाच्या पुढाकाराने १९९९ साली गुढीपाडव्याची स्वागतयात्रा सुरू झाली आणि ती प्रथा पुढे अन्य शहरांतही पसरली. या यात्रांमुळे रांगोळी उंबरठ्यावरून रस्त्यावर आणि मैदानात आली. ती कुटुंबाची न राहता शहराची झाली. विनोदी पात्राचा चेहरा रांगोळीत उतरतो तो या बदललेल्या अवकाशात. तेथे तो शेजारच्या संताच्या आणि सेनानीच्या चेहऱ्यांबरोबर एकाच पातळीवर, एकाच भुकटीचा असतो. भोवती गर्दी असते, बोलणे असते, कोणीतरी त्या पात्राचा संवाद त्याच्याच हेलात म्हणून दाखवितो आणि आजूबाजूचे हसतात. बर्गसाँला अभिप्रेत असलेला प्रतिध्वनी, जो चित्रात नव्हता, तो चित्राभोवती उभा राहतो. चित्राने न केलेले काम प्रेक्षक करतो. चौकटीतील शिसचित्र नटाच्या घरी जाते आणि तेथे एकटे राहते. रांगोळी शहरातच राहते आणि शहरातच पुसली जाते. शिसचित्रातून हरपलेले स्थळ रांगोळीला असे पायाखाली परत मिळते.

तात्पर्य, विनोदी पात्राच्या चाहतेचित्राचे मूल्यमापन सादृश्याच्या एकाच परिमाणाने करणे अपुरे आहे, आणि हास्यकारकतेच्या एकाच परिमाणाने करणेही तितकेच अपुरे आहे. सादृश्य व्यक्तीला न्याय देते आणि वल्लीला गमावते. अर्कचित्र वल्लीला पकडते. पण विनोदाने केलेल्या अवमानात ते सहभागी होऊ शकते. चित्रात पात्राने निवडलेली खूण शिल्लक आहे की नाही, आणि चित्राभोवती हसणारा समूह उभा राहू शकतो की नाही, हे दोन प्रश्न विचारले तर या हौशी व्यवहारातही बरे-वाईट, जाणते-अजाणते असा विवेक करता येतो. हसविणाऱ्या माणसाला भिंतीवर जागा देण्यास मराठी समाजाला बराच काळ लागला. ती जागा देताना त्याच्याकडून गांभीर्याची किंमत वसूल केली जात नाही ना, याकडे आता लक्ष ठेवावयास हवे.